कापड कोणाच्या हातात होतं

बोरी, ता. जिंतूर
१६ फेब्रुवारी २०२५

आत्मारामकाका,

नमस्कार. मी दीपिका. डॉल्फिन वाचवणाऱ्या संस्थेत सहा महिने शिकायला आले होते ती, परभणीकडची. चार-पाच वेळा फोन लावला, तुम्ही उचलला नाही. तुमच्याकडे खाली बंदरात नेटवर्क कधी असतं, कधी नसतं हे माहीत आहे, म्हणून पत्र लिहिते. पत्ता संस्थेच्या वहीतून उतरवून घेतला होता, बरोबर असावा.

एकतीस जानेवारीला निघाले तेव्हा तुमची भेट झाली नाही. गाडीची वेळ होती, सामान होतं, राहून गेलं.

इकडे सगळे बरे आहेत. आबांच्या एकशे दहा मेंढ्या आहेत, त्यातल्या चाळीस व्यायलेल्या. पशुवैद्यकीची पदवी घेऊन आलेली लेक घरात आहे म्हटल्यावर गावातले लोक शेरडं-करडं घेऊन दारातच येतात. मला 'माशाची डॉक्टरीण' नाव पडलंय. मी प्रत्येकाला सांगते, की डॉल्फिन मासा नाही, त्याला आपल्यासारखी फुप्फुसं असतात, श्वास घ्यायला वर यावं लागतं, डोक्यावर त्याचं नाक असतं. लोक माना हलवतात आणि पुन्हा मासाच म्हणतात. फक्त आमच्या मायने एक प्रश्न विचारला, "पिल्लाला पाजतंय का?" मी म्हटलं, पाजतं, दूध असतं त्याला. ती म्हणाली, "मंग ते आपल्यातलंच हाय की." तुम्हाला हे आवडेल असं वाटलं म्हणून लिहिलं.

तुम्ही शिकवलेलं इथेही उपयोगी पडतं. आडव्या पडलेल्या जनावराकडे समोरून जायचं नाही, बाजूने जायचं, गुडघ्यावर बसायचं, आधी त्याला आपला वास घेऊ द्यायचा. आबा म्हणाले, हे तर आम्हाला ठाऊकच होतं, तुला कॉलेजात शिकवलं नाही का. मी म्हटलं, कॉलेजात नाही, देवगडकडच्या एका खलाशाने शिकवलं.

संस्थेच्या शुभदाताईंनी सहा महिन्यांचं प्रमाणपत्र दिलं, ते आबांनी चौकट करून भिंतीवर लावलंय. मी काढा म्हणते, ऐकत नाहीत.

काकूंना नमस्कार सांगा. उत्तर आलं तर बरं वाटेल.

दीपिका रायभान

*

गंगाखेडजवळ, गोदावरीकाठ
११ मार्च २०२५

आत्मारामकाका,

माझं आधीचं पत्र मिळालं असेल. उत्तर नाही, तरी लिहिते.

आम्ही मेंढ्या घेऊन इकडे आलोय. ऊस तुटून गेला की फडात पाला-वाढं उरतं, मेंढ्या त्यावर महिनाभर जगतात, शेतमालकाला लेंडीखत मिळतं. आबा, माझा थोरला भाऊ भागवत आणि मी असे तिघं आहोत. माय घरी राहिली. नदीला पाणी कमी आहे, पण आहे. सकाळी मेंढ्या पाण्यावर नेल्या की मी काठावर बसून राहते. पाण्याकडे बघायची सवय तुमच्याकडे लागली.

परवा सृष्टीचा फोन आला होता. माझ्याबरोबर शिकायला होती ना, नांदेडची. ती अजून तिथेच आहे. तिने सांगितलं, की तुम्हाला आता बोलावत नाहीत. डिसेंबरपासून एकदाही नाही. मागच्या आठवड्यात शेजारच्या वाडीत एक डॉल्फिन वाहून आला, मेलेलाच होता. पोरांनी शेपटीला दोर बांधून वाळूवर ओढला. तुम्ही वरच्या खडकावर उभे होतात आणि खाली आला नाहीत, असं सृष्टी म्हणाली.

ऐकून वाईट वाटलं. अकरा वर्षं किनाऱ्यावर काही लागलं की पहिला फोन तुम्हाला जायचा. असं का झालं असेल कळत नाही. शुभदाताईंचा काही गैरसमज झाला असेल तर तो दूर होईल. त्या मनाने चांगल्या आहेत.

डिसेंबरच्या त्या पिल्लाबद्दल म्हणाल, तर डॉक्टरांनी चिरफाडीनंतर लिहिलंच आहे, की त्याच्या फुप्फुसात आधीपासून दोष होता. म्हणजे ते बहुधा वाचलंच नसतं. कोणाची चूक म्हणता येणार नाही.

भागवत हाक मारतोय. एका मेंढीच्या खुरात काटा मोडलाय.

तब्येतीची काळजी घ्या.

दीपिका

*

बोरी
२ एप्रिल २०२५

आत्मारामकाका,

एक बातमी आहे. शुभदाताईंचा फोन आला होता. जूनपासून मला वर्षभरासाठी संस्थेत घेणार म्हणतात, नोकरीवर. तुमच्या भागातली चौदा गावं माझ्याकडे असतील. आबांनी आनंदाने गावात साखर वाटली.

शिवाय संस्था एक पुस्तिका काढते आहे, मराठीत, कोळीवाड्यांत वाटायला. जिवंत डॉल्फिन वाळूवर सापडला तर काय करायचं, काय करायचं नाही. त्यात एक पान डिसेंबरच्या घटनेवर आहे. मी लिहिलेल्या अहवालावरूनच केलंय. तुमचं नाव छापणार नाहीत. 'एक स्थानिक मदतनीस' एवढंच. म्हणजे बाहेरच्या कोणाला कळणार नाही. गावातल्यांना तर

*

बोरी
२० एप्रिल २०२५

आत्मारामकाका,

वरचं पत्र मी अर्धवट सोडलं आणि पाठवलं नाही. ते या पत्राबरोबर तसंच ठेवतेय, म्हणजे मी काय लिहीत होते ते तुम्हाला दिसेल. गंगाखेडहून लिहिलं होतं, की तुम्हाला का बोलावत नाहीत हे कळत नाही. ते खोटं होतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आता क्रमाने लिहिते. त्यातलं बरंच तुमच्या डोळ्यांसमोर घडलं, तरी सगळं लिहिते, कारण या पत्राची एक प्रत शुभदाताईंना जाणार आहे. आणि मधली तीन मिनिटं तुम्ही बघितलेली नाहीत.

बारा डिसेंबर, गुरुवार. सकाळी साडेनवाच्या सुमारास तुमचा फोन आला, की वाडीच्या खालच्या अंगाला एक पिल्लू लागलंय, जिवंत आहे. शुभदाताई रत्नागिरीला गेल्या होत्या, सृष्टी रजेवर होती. मी स्कूटीवर आले. तुम्ही आधीच त्याला पोटावर सरळ केलं होतं, बाजूने वाळूचा आधार दिला होता, परांखाली खड्डे केले होते. पाच फूट लांबी, करड्या रंगाचं, अंगावर जाळ्याचे ओरखडे. श्वास घेताना 'फुस' असा आवाज यायचा, आणि दोन श्वासांत इतकं अंतर पडायचं की मला वाटायचं संपलं.

तुम्ही ओलं कापड त्याच्या पाठीवर घातलं. डोक्याच्या अलीकडे दुमडलं. मला म्हणालात, "नाक उघडा ठेव गो. कापडावर लक्ष ठेव, माका लोकांका मागे घालूचा हा." मी हो म्हटलं. कापडाचं टोक तुम्ही माझ्या हातात दिलंत.

लोक वाढत होते. तुम्ही त्यांना मागे सारायला गेलात, मग बादली भरायला पाण्यापर्यंत गेलात. ओहोटी होती, पाणी लांब गेलेलं होतं. तेवढ्या वेळात मी टोक सोडलं. खिशातून फोन काढला. परभणीच्या कॉलेजच्या आमच्या ग्रुपवर टाकायला मला फोटो हवा होता, मी आणि ते पिल्लू. एक काढला, त्यात माझे डोळे मिटलेले आले. दुसरा काढला. मग उजेड मागून येत होता म्हणून मी दुसऱ्या बाजूला सरकले आणि पिल्लाकडे पाठ करून तिसरा काढला. त्याने शेपूट आपटलेलं मला ऐकू आलं. मला वाटलं, बरं आहे, अंगात जोर आहे.

वळून बघितलं तर कापड पुढे सरकून नाकावर बसलं होतं. ओलं कापड चिकटलं होतं. मधोमध आत ओढलं गेलेलं होतं.

मी ते झटकन काढलं. एक श्वास आला. पुढचा आला नाही. तुम्ही बादली घेऊन आलात तेव्हा मी म्हटलं, "आत्ताच गेलं काका." तुम्ही बादली खाली ठेवलीत, डोक्यावरची टोपी काढलीत, आणि खूप वेळ त्याच्या बाजूला बसून राहिलात. मला काहीच विचारलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी शुभदाताई आल्या. डॉक्टरांनी फुप्फुसाचा दोष सांगितला होता, पण नाकाच्या आत कापडाचे धागे सापडले, तेही सांगितलं होतं. अहवाल मी लिहायचा होता. वन विभागाला जातो म्हणून इंग्रजीत. त्यात एक रकाना आहे: श्वासछिद्राकडे कोण लक्ष देत होतं. तिथे मी तुमचं नाव लिहिलं. पुढे लिहिलं, की कापड त्यांनीच घातलं होतं, मी त्या वेळी गर्दी आवरत होते.

संध्याकाळी तुमच्याकडे आले. तुम्ही जाळं शिवत होतात. मी म्हटलं, काका, कालचा अहवाल आहे, साक्षीदार म्हणून सही लागते. तुम्ही हात पुसलेत आणि विचारलंत, "सगळा बरोबर लिवलंस मा?" मी हो म्हटलं. तुम्ही मराठीत सही केलीत, पूर्ण नाव, आडनावासकट, सावकाश.

शुभदाताईंनी नंतर तुम्हाला विचारलं, कापड तुम्ही घातलं होतं का. तुम्ही खरं सांगितलंत, की हो, मीच घातलं. तेवढ्यावर त्यांनी ठरवलं. मी शेजारच्या खोलीत होते, मला ऐकू येत होतं. त्यानंतर दीड महिना मी तिथे होते, आणि तुमच्या घरावरून जाणारी वाट सोडून वरच्या रस्त्याने जात होते. निघताना घाई नव्हती. गाडी रात्रीची होती.

ते पिल्लू नाहीतरी वाचलं नसतं असं मी स्वतःला रोज सांगत आले. खरं असेलही. पण त्याचा आणि तुमच्या नावाचा संबंध नाही, हे मला आबांनी दाखवलं.

गेल्या रविवारी पुस्तिकेचा मसुदा माझ्या फोनवर आला. मी ओसरीत बसून वाचत होते. आबा म्हणाले, मोठ्याने वाच, आम्हालाही कळू दे. मी ते पान वाचून दाखवलं. एका स्थानिक मदतनिसाच्या हलगर्जीपणामुळे कापड श्वासछिद्रावर गेलं आणि पिल्लू दगावलं. माय शेंगा फोडत होती. आबांनी विचारलं, हा माणूस कोण. मी नाव सांगितलं.

"तोच ना, ज्यानं तुला शिकिवलं म्हनतीस?"

मी म्हटलं, हो.

"नाक उघडं ठेवायचं, हे बी त्यानंच शिकिवलं व्हतं ना?"

मी पुन्हा हो म्हटलं.

"मंग तो झाकंल कसा?" आबा म्हणाले.

त्यांना संशय नव्हता काका. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. ते स्वतः चाळीस वर्षं जनावरामागे हिंडलेत, आणि जनावर ओळखणारा माणूस ही चूक करणार नाही, एवढंच त्यांना दिसत होतं. मी उठून आत जाऊ शकले असते. पण मायनेही शेंगा फोडायच्या थांबवल्या आणि माझ्याकडे बघितलं, आणि मी सगळं सांगितलं. फोटोसकट.

आबांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या मानसाला तुहं इंग्रजी वाचता येत व्हतं का?"

"नाही."

"मंग त्यानं दस्कत कशावर केलं?"

मी म्हटलं, माझ्या शब्दावर. आबा म्हणाले, "जनावर मरतं. माह्या हातानं बी मेलेत, चुकीनं. एकदा मेंढरं ओला पाला खायला सोडली आन् सात मेंढ्या फुगून मेल्या. पर मी ते भागवतच्या नावावर घातलं न्हाई."

त्यानंतर तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी मेंढ्या सोडताना एवढंच विचारलं, "काय करायलीस मंग?" मी म्हटलं, लिहायलेय.

तिसरा फोटो माझ्याकडे अजून आहे. मी तो कधी कोणाला पाठवला नाही आणि पुसलाही नाही. त्यात मी हसते आहे, माझ्या खांद्यामागे पिल्लू आहे, आणि कापड नाकावर आहे. वेळ दहा वाजून सतरा मिनिटं. मागे लांब पाण्याजवळ तुम्ही वाकलेले दिसता, बादली घेऊन. तो फोटो छापून या पत्राच्या दोन्ही प्रतींबरोबर जोडतेय. दुसऱ्या कोणाच्या साक्षीची गरज पडणार नाही.

मला माफ करा असं लिहायला बसले होते. पण ते तुमच्याकडे मागायच्या आधी मला तिकडे येऊन हे सगळ्यांसमोर सांगायचं आहे. आठ मेला येते.

दीपिका

*

बोरी
१४ मे २०२५

आत्मारामकाका,

मी येऊन गेले हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही ज्या गोष्टींना हजर नव्हतात तेवढ्या सांगते.

परभणीहून निघून पुण्यात गाडी बदलली, दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. शुभदाताई ऑफिसात एकट्या होत्या. माझं पत्र आणि तो फोटो त्यांच्या टेबलावर होता, पालथा घातलेला. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि विचारलं, का. मी म्हटलं, मला भीती वाटली, प्रमाणपत्र मिळणार नाही याची, कॉलेजात कळेल याची. त्या म्हणाल्या, "भीती मी समजू शकते. हातून जनावर जातं, तेही समजू शकते. पण तू त्यांच्या घरी जाऊन सही आणलीस." मग त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. त्या माझ्यासाठी रडत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "अकरा वर्षं ओळखत होते मी त्यांना. आणि एक कागद बघून पुढे विचारायचं थांबवलं. माझंही चुकलंच."

प्रमाणपत्र मी बरोबर नेलं होतं, चौकटीतून काढून. ते त्यांनी ठेवून घेतलं. नोकरीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. पुस्तिकेतलं ते पान काढून टाकलंय. वन विभागाला दुरुस्तीचं पत्र गेलंय, त्याची प्रत तुम्हाला मिळेल. ती मराठीत आहे. मी तशी विनंती केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिलावाच्या वेळी, होड्या लागल्यावर, मी बंदरावर उभी राहिले. सृष्टी बरोबर होती. मासळीच्या पाट्यांजवळ तीस-चाळीस माणसं असतील. मी पत्र वाचायला घेतलं तेव्हा बायकांनी बर्फ फोडणं थांबवलं नाही, मग हळूहळू थांबवलं. फोटोची गोष्ट आली तेव्हा मी तीच ओळ दोनदा वाचली. सृष्टी म्हणाली मी वाचू का. मी नको म्हटलं.

वाचून झालं. मग एक म्हातारे गृहस्थ, नाव मला माहीत नाही, कानात बाळी होती, ते म्हणाले, "आमी त्येका मासोमाऱ्यो म्हणत होतो. पोरा त्येच्या तोंडावर म्हणत होती." ते माझ्याशी बोलत नव्हते. शेजारच्या माणसाशी बोलत होते. डॉल्फिन मारणारा, असं हे नाव पडलेलं मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं काका. सृष्टीने फोनवर सांगितलं नव्हतं.

तिथून तुमच्या घरी आले. काकू बाहेर आल्या, त्यांनी तांब्याभर पाणी दिलं, बसायला सांगितलं नाही. तुम्ही खाडीकडे गेलात म्हणाल्या. चपला दारातच होत्या. मी पाणी प्याले, तांब्या पायरीवर ठेवला आणि निघाले. वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण येताना वाटेत मला एक कळलं, की तुम्ही बाहेर यावं म्हणून मी आले असेन, तर मग ते सगळं मी माझ्यासाठीच केलं. म्हणून यापुढे मी फोन करणार नाही. पत्रही हे शेवटचं.

इथे मी जनावरांचं काम सुरू केलंय. बोरी आणि आजूबाजूची सात-आठ गावं, भागवतची मोटारसायकल घेऊन फिरते. आबा गावात कोणी विचारलं, की लेकीची नोकरी काय झाली, तर सांगतात, तिनं चूक केली व्हती, ती फेडायलीय. लपवत नाहीत. सुरुवातीला मला त्याचा राग आला होता. आता लोक विचारत नाहीत.

काकूंना नमस्कार.

दीपिका

*

बोरी
९ सप्टेंबर २०२५

आत्मारामकाका,

पत्र लिहिणार नाही म्हटलं होतं. पण हे तुमचंच आहे, ते तुमच्याकडे पोचलं पाहिजे.

परवा रविवारी सकाळी मी आमच्या वाड्यावर, म्हणजे काटेरी कुंपणाच्या आत, मेंढ्यांना लस टोचत होते. भागवत एकेक धरून आणत होता. आठ वाजता फोन वाजला. तुमचं नाव दिसलं आणि मी हातातली सुई खाली ठेवली. नऊ महिन्यांत तुमचा आवाज ऐकला नव्हता. तुम्ही कशी आहेस विचारलं नाहीत, नावही घेतलं नाहीत.

"एक जितो लागलो हा. शेपटीक जाळा रुतला हा. शुभदाबाई मुंबयेक गेल्यात, येवक सांज होतली. डॉक्टराक दोन तास लागतले. कापू काय?"

मी विचारलं, दोर किती आत गेलाय. तुम्ही म्हणालात, मांसात. मी सांगितलं, ओढू नका, दोन्ही बाजूंनी कापा आणि रुतलेला तुकडा तसाच राहू द्या, ओढलात तर रक्त थांबणार नाही. तुम्ही म्हणालात, "बरा." मग मला नुसता वारा ऐकू येत होता, आणि सुरीचा आवाज, आणि मध्येच तो दुसरा आवाज, 'फुस', जो मी डिसेंबरनंतर ऐकला नव्हता. मी तिथेच मेंढ्यांत खाली बसले. भागवतला कळेना काय झालं.

मला वाटलं आता तुम्ही फोन ठेवाल. तुम्ही म्हणालात, "माझे दोनय हात गुतलेत. तू लिवन घे. मी सांगतंय तसा."

जवळ कागद नव्हता. लसीच्या खोक्याचं झाकण फाडून त्यावर लिहिलं. तुम्ही फोन खिशात ठेवून बोलत होतात. तुम्ही श्वास सांगत होतात, मी घड्याळ बघून लिहीत होते. मध्ये आबा आले. मी काय करतेय ते त्यांनी विचारलं नाही. माझ्या डोक्यावर ऊन येत होतं, तर ते त्या बाजूला उभे राहिले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत.

भरती यायला दीड तास लागला. तेवढ्या वेळात आपण श्वासांशिवाय काही बोललो नाही. एकदा फक्त तुम्ही कोणाला तरी ओरडलात, की फोटो नको, लांब व्हा. मग पुढचा श्वास सांगितलात. मी लिहिला.

सोडून झाल्यावर तुम्ही म्हणालात, "वाच." मी पहिल्यापासून वाचलं. एका ठिकाणी तुम्ही मला थांबवलंत, "आठ एकतीसाक दोन नाय, तीन." मी खोडून तीन केलं. शेवटपर्यंत वाचलं. तुम्ही म्हणालात, "ठेवतंय," आणि फोन ठेवलात.

संध्याकाळी शुभदाताईंना नोंद पाठवली. ही तुमची प्रत. मूळ खोक्याचं झाकण माझ्याकडे आहे, लागलं तर पाठवीन.

सकाळी ८.०६ - पोटावर सरळ केला. नाक उघडं. दोन श्वास.
८.१२ - शेपटीचा दोर दोन्ही बाजूंनी कापला. रक्त थोडं, थांबलं. तीन श्वास.
८.२० - ओलं कापड घातलं, डोक्याच्या अलीकडे दुमडून. तीन श्वास.
८.३१ - तीन श्वास.
८.४५ - एक श्वास. मग बराच वेळ नाही. मग दोन लागोपाठ.
९.०२ - पाणी पोटाला लागलं. शेपूट हलवलं. तीन श्वास.
९.१८ - चार श्वास. वाडीतले दोघं मदतीला आले. त्यांना सांगितलं, शेपटीला हात लावायचा नाही.
९.३० - उचलून फिरवला, तोंड समुद्राकडे.
९.४१ - कमरेएवढ्या पाण्यात धरून ठेवला. चार श्वास, जोरात.
९.४४ - हात सोडले.
९.४६ - लांबवर एक श्वास. आत्माराम यांना ऐकू आला, दिसला नाही.

दीपिका